धुऱ्यावरून पाहिलेला रोवणा

बाबा गेल्यावर मी पाच महिने घरी राहिलो. त्या पाच महिन्यांत गावाचं माझ्याबद्दल एकच मत झालं होतं. हा पुण्याहून आला आहे आणि दिवसभर गेम खेळतो. मत अगदीच चुकीचं नव्हतं. मी गेम बनवत होतो, पण बनवणारा आणि खेळणारा बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही स्क्रीनसमोर बसतात, आणि जेवायला हाक आली की दोघेही "आलोच" म्हणतात आणि येत नाहीत.

आमचं गाव लाखनीपासून आत आहे, हमरस्त्यापासून सायकलीने अर्ध्या तासावर. ओसरीत बाबांची टिनाची पेटी होती. तिच्यावर लॅपटॉप आणि खाली पोत्याची घडी, असं माझं ऑफिस. दुपारी वीज जायची. बॅटरी संपेपर्यंत मी काम करायचो आणि मग वीज येईपर्यंत समोरच्या भिंतीकडे पाहत बसायचो. मला त्या दोन्हींत फारसा फरक वाटत नव्हता.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. याचं श्रेय माझं थोडं आणि इतरांचं पुष्कळ आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी मला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं आणि फॉर्म स्वतः भरला. लाखनीच्या हायस्कूलमधल्या मॅडम कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली शनिवारी माझ्याजवळ सोडून जायच्या. पुढे नागपूरला इंजिनियरिंग झालं. या सगळ्या लोकांचे आभार मी कधी नीट मानले नाहीत. भेटले की पाया पडतो आणि पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

आणि बाबांचा एक नियम होता. शाळेत जाणाऱ्याने बांधीत उतरायचं नाही. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा, चारी बाजूंनी मातीचा धुरा घालून आत पाणी अडवलेलं. आषाढात त्या चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, एकेक करून लावतात. त्याला आम्ही रोवणा म्हणतो. रोवणा बाया करतात. त्या दिवसांत शाळेतली अर्धी मुलं गैरहजर असायची. मी मात्र पुस्तक घेऊन धुऱ्यावर बसलेला असायचो. घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून शेतात आणलेला, आणि शेतात उतरायची बंदी. एकदा मी पाय सोडून बसलो तर बाबा लांबूनच म्हणाले, "पाय वर घे. चिखल आमी तुडवतो. तू पुस्तक पाय." आमच्याकडे 'पाहा' म्हणायचं तर 'पाय' म्हणतात. धुऱ्यावर बसून मी सतराचा पाढा पाठ केला. तो मला अजून येतो.

पुण्यात मी मोबाइलवरच्या गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. माझ्याकडे झाडं होती. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या गेममध्ये झाडं काढली. पाम, पाइन, चेरी. मग शनिवार-रविवारी स्वतःची एक गेम करायला घेतली. तिच्यात लढाई नव्हती. तलावाकाठचं एक गाव, तिथे एक परकी बाई येते, तिला एक बांधी मिळते आणि ती धान लावते. बियाण्याचं दुकान सारस पक्ष्यांचं जोडपं चालवतं. नर बडबड्या आणि मादी फक्त मान हलवते. एक खेकडा धुऱ्याची राखण करतो आणि धुरा फुटला की सगळ्यांच्या आधी तोच रडायला लागतो. पिकलेलं धान संध्याकाळी मंद उजळतं. त्या गावात कोणाला घाई नसते आणि कोणी मरत नाही. असल्या निवांत गेम जगभर लोक आवडीने खेळतात. थकून घरी आलेल्या माणसाला स्क्रीनवरचं शेत बरं वाटतं.

बाबा फाल्गुनात झोपेतच गेले. मी पोचेपर्यंत सगळे थांबले होते. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आम्ही कारध्याला वैनगंगेवर गेलो. काका शेजारी उभे होते. म्हणाले, "रडून घे गा. मोकळा हो." मी पाण्याकडे पाहत होतो. राख पाण्यावर पडली की आधी पसरते, लगेच बुडत नाही, कडेकडेने गोल फिरत राहते. हे गेममध्ये कसं दाखवता येईल, असा विचार माझ्या मनात आला. तो एकच विचार आला. पुढे मला त्याची लाज वाटली. तिथे उभा असताना लाजही वाटली नव्हती.

तेरवी झाली. मी परत गेलो नाही. कंपनीतले साहेब चांगले होते, म्हणाले, पोळ्यापर्यंत तुझी जागा ठेवतो. त्याच सुमारास एक मेल आला. छोट्या गेम बनवणाऱ्यांचा एक ऑनलाइन मेळा असतो. त्यात माझ्या गेमला जागा मिळाली होती. ठरलेल्या तारखेला खेळून पाहण्यापुरता भाग चढवायचा. लोकांना आवडला तर एखादा प्रकाशक हात देतो. मी मनात एक सरळ रेषा आखली. मेळ्यात गेम आवडेल, प्रकाशक मिळेल, पुण्याला जायची गरज उरणार नाही, आई एकटी राहणार नाही. मी एकुलता एक. घरात आता ती आणि मीच. आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला काळजी लागू नये म्हणून नाही. बोलायलाच नको वाटायचं.

आई गावातली रोवण्याची पक्की बाई. दहा-बाराजणींची टोळी होती, आणि रांगेच्या टोकाला आई असायची, कारण टोकाची बाई सरळ असली तर रांग सरळ राहते. पण बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. शेत यंदा काकांनी करायचं ठरलं होतं. आषाढात रोवणे सुरू झाले तरी आई ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसायची. मला वाटलं, हिचं मन उडालं. हिला सोडून जाता येणार नाही.

मेळ्याच्या तारखेला अकरा दिवस उरले होते तेव्हा टोळीतली शेजारची काकू दुपारी आली. पिंडऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला. ती उंबऱ्यावर बसली आणि आत आईला हाक दिली.

"काय वो, येतेस का नाही उद्या?"

"पाहीन," आई आतून म्हणाली.

"चार दिस झाले पाहूनच राहिली तू. रांगेले कोणाचा धाक नाही राहिला. टोकावर नवी सून उभी केली, ते डोलते नुसती."

काकूने मोर्चा माझ्याकडे वळवला.

"आन हे साहेब काय करून राहिले? जिंकले का हारले?"

"याच्यात जिंकणं-हारणं नसते, काकू."

"मंग खेळते कायले?"

मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला आणि गेममधली माझी सगळ्यात आवडती जागा दाखवली. बांधीत पाणी आहे, पाण्यात ढग दिसतात, माझी बाई वाकते, रोप लावते, एक पाऊल पुढे टाकते, पुन्हा वाकते. वाकताना तिच्या बांगड्या हलतात. त्या बांगड्यांना मला दोन दिवस लागले होते.

काकू पुढे सरकून पाहू लागली. मग म्हणाली, "अवो, हे बाई तं आपलाच रोवणा तुडवून राहिली."

मी स्क्रीनकडे पाहिलं.

"ये वो, पाय इकडं," काकूने आईला हाक मारली. "तुया पोट्ट्यानं रोवण्याले कोंबडी सोडली बांधीत."

आई हात पुसत बाहेर आली. वाकून पाहिलं. बाई रोप लावत होती आणि लगेच त्याच रोपावर पाय देऊन पुढे जात होती. पाच-सहा पावलं आईने पाहिली.

"पुढं काहून चालते हे?" तिने विचारलं.

मी उगाच एक कळ दाबली. बाई आणखी एक पाऊल पुढे गेली.

"बाबू, इतकी वर्सं धुऱ्यावर बसून तू काय पाहात होता मंग?"

"पुस्तक पाहात होता, दुसरं काय पाहीन," काकू म्हणाली. "बापानं चिखलाचा थेंब तरी लागू देला का त्याले?"

आईने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. "एकटीच हाय का हे?"

"हो."

"एकटीनं रोवणा नाही होत," ती म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली.

रोवणा मागे मागे सरकत करतात. समोर रोप लावायचं, एक पाऊल मागे घ्यायचं, पुन्हा समोर लावायचं. पुढे गेलं तर लावलेलं पायाखाली येतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. लहानपणापासून दर आषाढात ते माझ्यासमोर झालेलं आहे. पण गेममध्ये माणूस नेहमी समोर पाहतो आणि समोर चालतो. मी काम केलेल्या प्रत्येक गेममध्ये तो तसाच चालत होता, आणि माझ्या हातांनी तेच लिहिलं. तीन महिने मी ती बाई रोज पाहत होतो. ती रोज रोपं तुडवत होती. मला ते दिसलं नाही. त्या दिवसांत मला बरंच काही दिसत नव्हतं.

पुण्याच्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, जगात कोणाला कळणार आहे? चढवून टाक, मागून दुरुस्त कर." ते खरंच होतं. दुरुस्ती काही लहान नव्हती. बाईला मागे चालवायचं तर तिची सगळी चित्रं पुन्हा काढायची. खेळणाऱ्याला तिच्या मागचं दिसायला हवं, म्हणजे दृश्याचा कोनच बदलायचा. मागे धुरा लागला तर काय, शेजारीण लागली तर काय. आणि आईने दुसरं जे म्हटलं होतं ते धरलं तर शेजारणीही आणायच्या. अकरा दिवसांत होणारं हे काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याच बांधीत रोवणा होता. सकाळी मी आईला म्हटलं, "मी जाऊन राहिलो."

"कुठं?"

"बांधीत. पाहून येतो, कसं करते ते."

तिने माझ्या पँटकडे पाहिलं. मग आत जाऊन बाबांची जुनी हाफपँट आणून दिली. ती मला कमरेत सैल होती, सुतळी बांधावी लागली. मी निघालो. वळणावर मागे पाहिलं तर आई पदर खोचून येत होती.

बायांनी मला पाहून रोवणा थांबवला.

"हे कोण पाहुणे?"

"इंजिनियर हाय, बाई. रोवणा शिकाले आले."

"फी भरली का?"

चिखल वरून कोमट आणि खाली थंड होता. एकोणतीस वर्षांचा होतो मी, आणि आमच्या स्वतःच्या बांधीत माझा पाय पहिल्यांदा उतरला. काकूने पऱ्ह्यांची जुडी माझ्या डाव्या हातात दिली. उजव्या हाताने दोन-तीन काड्या काढायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या. सोपं वाटलं. थोड्या वेळाने पाहिलं तर माझी निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. पाऊल मागे घेतलं की तिथे खड्डा राहतो. त्या खड्ड्यात रोप लावलं तर ते धरत नाही. खड्ड्याच्या बाजूला लावायचं. हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं. आणि धुऱ्यावरून तर ते दिसतच नाही.

"साहेब, तुमचे पऱ्हे पोहून राहिले."

"रांग पाय ना त्याची. पुण्याकडं चालली."

"जाऊ दे वो. तिकडंच तं नौकरी हाय त्याची."

मी हसलो नाही, पण मला ते वाईटही वाटलं नाही. आई माझ्या उजवीकडे होती. काकूने तिला टोकाला उभी राहा म्हटलं तर म्हणाली, आज इथंच बरी. प्रत्येक बाईला रांगेत जी रुंदी मिळते तिला पात म्हणतात. हात पोचेल तेवढी पात, साधारण सहा रोपांची. मी सहाची घेतली होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी चारच लावतो आहे आणि तरी माझ्यापुढे रिकामी जागा नाही. मग तीनच लावू लागलो. तरी जागा नाही. डावीकडे काकू आणि उजवीकडे आई, दोघींनी न सांगता माझी रोपं आपल्याकडे घेतली होती. आई आठ लावत होती. मान वर न करता, कोणाशी तरी बोलत. मला आधी वाटलं हे माझ्यासाठीच चाललं आहे. पण पलीकडे एक म्हातारी बाई होती, तिच्याही पातीला दोन्ही बाजूंनी हात लागत होते. हळू चालणारीला कोणी हळू म्हणत नाही. दोघी शेजारणी आपली पात रुंद करतात आणि रांग सरळ मागे सरकते. एवढाच तिथला कायदा.

दुपारी कोणीतरी काकूच्या नवऱ्यावर एक वात्रट विनोद केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्यावर आई हसली. फाल्गुनानंतर मी ती हसताना पहिल्यांदा पाहिली. मला फार काही वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला ते दिसलं, इतकंच.

जेवायला सगळ्या धुऱ्यावर बसल्या. भात, लाखोळीचं वरण, आंबाडीची भाजी. काकूने आईला कोपर मारलं.

"पाय, आणलं ना पोरानं तुले. मी चार दिस म्हणून राहिली तं नाही आली."

"त्याले घरी एकटं टाकून कशी येऊ मी?" आई म्हणाली.

मी शेजारीच बसलो होतो. ती हे अशा सुरात म्हणाली की जणू चुलीवर दूध ठेवलं आहे आणि ते सोडून येता येत नाही.

"माझ्यासाठी बसली होती का तू घरी?" मी विचारलं.

"मंग कोणासाठी? तू जेवत नाही धड, बोलत नाही, रडला नाही. दिवसभर त्या डब्ब्यासमोर. म्हटलं, याच्याजवळ कोणी माणूस पाहिजे."

"मी तं तुझ्यासाठी थांबलो, मा."

काकूचा घास हातातच राहिला. "घ्या," ती म्हणाली. "दोघं एकमेकाची राखण करत बसले. मधात घर कोण राखते?"

बाया हसल्या. आई हसली नाही. तिने हनुवटीने त्या सगळ्यांकडे खूण केली. "मले काय झालं? मले ह्या हायेत. तुले कोण हाय तिथं, ते सांग."

मी विचार केला. "कामावरचे लोक हायेत. चांगले हायेत."

"मंग जा. नाही तं राहा. पन माझ्या नावानं नोको राहू."

तिने डब्यातला उरलेला भात माझ्या ताटलीत टाकला आणि हात धुवायला गेली.

मी आखलेली ती सरळ रेषा तिथेच संपली. तिचं शेवटचं टोक आई होती, आणि आईला तिची गरज नव्हती. उरलेला दिवस मी तीनच्या पातीने रोवणा केला. संध्याकाळी घरी येऊन पेटीसमोर बसलो आणि ती पुढे चालणारी बाई फाइलमधून काढून टाकली. निर्णय वगैरे म्हणावा असं त्यात काही नव्हतं. ती आता मला पाहवत नव्हती, म्हणून काढली. बांगड्या तेवढ्या ठेवल्या.

पुढचे दहा दिवस मी काम केलं आणि ते पुरलं नाही. बाई मागे चालू लागली, पण धुऱ्याला टेकली की गोल फिरायची. शेजारणी आणल्या तर त्या एकमेकींच्या अंगातून आरपार जायच्या. मेळ्याच्या तारखेच्या दिवशी सकाळी मी आयोजकांना दोन ओळींचा मेल लिहिला. गेम तयार नाही, क्षमा असावी. त्यांचं लगेच उत्तर आलं, पुढच्या वेळी नक्की कळवा. मी लॅपटॉप मिटला आणि झोपलो. दुपारी उठलो तेव्हा पायाच्या बोटांमध्ये भयंकर खाज सुटली होती.

चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलवटते, त्याला चिखल्या म्हणतात. बायांना दर वर्षी होतात. मी एका दिवसाच्या रोवण्यावर थांबलो नव्हतो. आई रोज जायला लागली तसा मीही अधूनमधून जात होतो. आधी चित्रं काढण्यासाठी म्हणून, मग काही कारण न काढता. आता ती खाज अशी होती की बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. कित्येक महिन्यांत माझ्या अंगाला काही जाणवलं असेल तर ते हे. आई संध्याकाळी आली, तिने पाय पाहिले आणि मेंदी भिजवली. बोटांच्या मधे ती लेपताना म्हणाली, "तुया बाबानं पाहिलं असतं तं मलेच बोलले असते. पोराले कायले उतरवलं म्हणून."

"मी आपल्या मनानं उतरलो."

"ते त्याईले कोण समजावणार?" ती म्हणाली आणि दुसरा पाय ओढला.

पोळ्यानंतर दोन दिवसांनी मी पुण्याला निघालो. आई निंदणाला, म्हणजे धानातलं गवत काढायला गेली होती. हमरस्त्यापर्यंत सोडायला ती आली नाही. सकाळी डबा भरून दिला आणि म्हणाली, उन्हं चढायच्या आत जाते मी, बाया थांबल्या असतीन. बस भंडारा, शहापूर करत नागपूरला आली. तिथून मी गाडी पकडली. ऑफिसात पहिल्याच दिवशी मी चप्पल काढून बसलो होतो, तर शेजारच्या मुलीने माझ्या पायाच्या केशरी नखांकडे पाहून विचारलं, लग्न ठरलं का. मी नाही म्हटलं. बाकीचं सांगायला वेळ लागला असता.

गेम पुढच्या पावसाळ्यात आली. मेळा नाही, प्रकाशक नाही. एका साइटवर मी ती स्वतःच चढवली. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी पूर्ण केली होती. आता तिच्यात सात बाया रांगेने मागे सरकत रोवणा करतात. खेळणारा हळू असला तर दोन्हीकडच्या आपली पात रुंद करतात, आणि हे कुठेही लिहून सांगितलेलं नाही. खेळणारे थोडे होते, पण होते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक तक्रार आली. ब्राझीलमधल्या कोणीतरी लिहिलं होतं, गेम छान आहे, पण त्यात एक मोठी चूक आहे. शेतकरी बाया उलट्या चालतात. कृपया दुरुस्त करा.

मी आईच्या मोबाइलवर फोन लावला. काकूने उचलला.

"तुही माय चिखलात हाय. काय काम हाय?"

"असंच. एक विचारायचं होतं."

"विचार. मोठा आवाज केला मी. साऱ्याच ऐकते."

मी तक्रार सांगितली. तिकडे हसण्याची लाट आली. मग लांबून आईचा आवाज. "कोण म्हणते?"

"ब्राझीलचा एक जण हाय."

"तिकडं धान नाही का?"

"असन."

"मंग त्याले म्हण, एक डाव उतरून पाय." आणि त्याच दमात, "जेवला का तू?"

"हो."

"ठेव मंग. माझी पात मागं राहून राहिली."

काकूने फोन धुऱ्यावर ठेवला असावा. कापायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. पाण्यातून पाय काढल्याचा आवाज येत होता, एक, मग पुष्कळ, मग पुन्हा एक. कोणाच्या तरी सुनेला आई म्हणत होती, दाबून लाव, नुसती टाकू नोको. कोणीतरी ब्राझीलवाल्याच्या नावाने काहीतरी म्हटलं आणि पुन्हा हसणं झालं. मग आवाज हळूहळू लांब जाऊ लागले, कारण रांग मागे सरकत होती आणि फोन जिथे होता तिथेच होता.

मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ऐकत होतो. जेवणाची सुट्टी संपली तेव्हा मीच फोन ठेवला.